डीमनमधली लोखंडाची भट्टी

१८ एप्रिल २०२०, शनिवार

इथल्या मराठी मंडळाच्या दिलीपरावांचा फोन आला. सगळे घरात अडकलेत, तर ऑनलाइन व्याख्यानमाला करायची म्हणतात. विषय 'प्राचीन भारतातील विज्ञान आणि तंत्रज्ञान'. "ज्ञानदाताई, तुम्ही मेटलर्जीच्या. शिवाय तुम्हाला वेळ असतो."

वेळ असतो! अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, जयेशच्या, नोकरीमागोमाग 'डिपेंडंट' म्हणून हॉलंडमध्ये उतरले, तेव्हापासून मला वेळच असतो. धातुशास्त्रात विद्यापीठात दुसरी आलेली मेटलर्जिस्ट मी, पण डीमनमध्ये माझी ओळख उत्तम मोदक करणारी बाई अशी आहे.

हो म्हणाले. अट एकच घातली: विमानं नाहीत. पुरावा नसलेलं एकही वाक्य मी बोलणार नाही.

"एखादं छोटं विमान?" दिलीपरावांनी विचारलं.

नाही म्हणजे नाही.

९ मे, शनिवार

पहिलं व्याख्यान झालं. शून्य, शुल्बसूत्रं, दिल्लीचा लोहस्तंभ, दक्षिणेतलं मुशीतलं पोलाद. शेवटी म्हणाले, "ज्ञान आपलं, नाव त्यांचं. दुसऱ्याचं ज्ञान घेताना त्याचं नाव न सांगणं ही चोरीच आहे." या वाक्याला सर्वांत जास्त अंगठे आले. सत्तेचाळीस लोक हजर होते आणि त्यातल्या एकोणचाळीस जणांचे कॅमेरे बंद.

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, कोल्हापुरातून ऐकलं. "बरं बोलतीस," म्हणाले. अण्णांच्या तोंडून 'बरं' ऐकायलाही मला बेचाळीस वर्षं लागली. शिरोलीत त्यांची फाउंड्री. मी पदवी घेऊन आले तेव्हा म्हणाले होते, "भट्टीवर बाईमाणसाचं काय काम?" फाउंड्री भावाला, सुदर्शनला मिळाली. सुदर्शन बी.कॉम. आहे.

३१ मे, रविवार

मला एक कल्पना सुचली आहे. नुसती व्याख्यानं काय, कुणीही देतं. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमात मी प्रत्यक्ष मातीची भट्टी लावून, प्राचीन पद्धतीनं दगडातून लोखंड काढून दाखवणार. थेट प्रक्षेपण. जागा आहेच: चार वर्षं यादीत थांबून नगरपालिकेकडून मिळालेला आमचा बागेचा तुकडा.

जयेशला सांगितलं. तो हेडफोन काढून म्हणाला, "मस्त," आणि परत घातला. तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, त्यामुळे मस्त मला म्हणाला की त्यांना, ते कळलं नाही.

१४ जून, रविवार

बागवाल्यांच्या संघटनेच्या फॉर्मवर 'लोखंड गाळण्याची भट्टी' असा पर्याय नव्हता. 'बार्बेक्यू' होता, त्यावर खूण केली.

शेजारच्या वाफ्यावर एक आफ्रिकन म्हातारा येतो. थंडीला गोणपाट गुंडाळून केळीचं एक झाड जगवत असतो, पण ते काही जगायला राजी दिसत नाही. मी माती मळत होते तर तो कुंपणापाशी, नियमाप्रमाणे दीड मीटरवर, येऊन उभा राहिला. "सुरिनामचे का?" विचारलं, इथं तेच जास्त दिसतात. म्हणाला, टांझानियाचा. नाव नोव्हातुस मुतालेम्वा. मग मी सोप्या डचमध्ये, हळूहळू, भट्टी म्हणजे काय ते त्याला समजावून सांगितलं. फार लक्ष देऊन ऐकलं त्यानं.

"माझे आजोबा लोखंड गाळायचे," तो म्हणाला.

मी त्याची चूक दुरुस्त केली. लोहार वेगळा, तो तयार लोखंड ठोकतो. दगडातून लोखंड गाळणारा वेगळा.

"हो," तो म्हणाला. "आमच्याकडेही वेगळाच."

११ जुलै, शनिवार

पहिला प्रयोग केला. वाखनिंगनच्या विद्यापीठात मातीवर संशोधन करणारी मृदुला आमच्या मंडळातली. तिच्या प्रयोगशाळेत उरलेली लोहदगडाची दोन पोती घेऊन ती आली. जयेशच्या जुन्या लेदर जॅकेटचा भाता केला. (जुनं आहे असं मला वाटलं होतं. त्याला तसं वाटत नव्हतं.) नळी भट्टीच्या तोंडाशी बसवली, पुस्तकात आहे तशी. मधूनमधून केस वाळवायचं यंत्रही लावलं. ते कॅमेऱ्यात येणार नाही अशा जागी ठेवलं होतं.

सहा तास हवा मारली. तापमान मोजणारं थर्मोकपल साडेनऊशे अंशांच्या वर जाईना. शेवटी भट्टी फोडली तर आत काळा चिखल, अर्धा कच्चा दगड आणि जॅकेटची चेन.

मृदुला दिलासा द्यायला म्हणाली, "डेटा तर मिळाला." संशोधक लोक हेच म्हणतात.

१२ जुलै, रविवार

राख उपसत होते तेव्हा शेजारचे नोव्हातुस आले. भट्टीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "हवा थंड जाते."

मी म्हटलं, हवा थंडच असते.

ते बसले आणि काडीनं मातीवर आकृती काढून सांगू लागले. ते हाया लोकांपैकी, मोठ्या सरोवराच्या पश्चिम काठावरचे. त्यांच्याकडे मातीच्या लांब नळ्या भट्टीच्या तोंडाशी ठेवत नाहीत, आत खोलवर घालतात, निखाऱ्यांच्या मधोमध. भात्यातली हवा नळीतून जातानाच तापते, आणि तापलेली हवा जाळाला मिळाली की जाळ भलताच चढतो. भट्टीच्या तळाच्या खड्ड्यात दलदलीतले बोरू जाळून त्यांचा कोळसा भरतात. तो कार्बन लोखंडात शिरतो आणि नुसतं लोखंड न होता पोलाद होतं.

तापवलेली हवा! युरोपातल्या झोतभट्ट्यांना ही युक्ती एकोणिसाव्या शतकात मिळाली, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेत. "हे केव्हापासून?" विचारलं.

"उत्खननं करणारे म्हणतात, दोन हजार वर्षं. तापमानावरून त्यांच्यात अजून भांडणं आहेत. माझे आजोबा म्हणायचे, फार पूर्वीपासून. त्यांच्यात भांडण नव्हतं." मग ते म्हणाले, "मी विशीत असताना त्यांनी शेवटची भट्टी लावली. भाता माझ्याकडे होता. पहिल्यांदा तीही फसली. म्हातारे विसरले होते."

शिकलेला माणूस दिसतो.

१ ऑगस्ट, शनिवार

तीन आठवडे रोज संध्याकाळी काम चाललंय. नोव्हातुस नळ्या वळतात, मी वाळवते. कालव्याकाठचे बोरू मी कापून आणले. इथल्या मातीला उष्णता सोसत नाही. त्यांच्या गावाकडे वारुळाची माती वापरतात. हॉलंडमध्ये वारूळ कुठून आणायचं? शेवटी कुंभारकामाची माती आणि लाकडाचा भुसा घातला. तरीही दोन नळ्या तडकल्या.

काम करताना गप्पा होतात. मी त्यांना शून्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडून फार लांब नाही अशा जागी, काँगोच्या बाजूला, वीस हजार वर्षांपूर्वीचं हाड सापडलंय. त्यावर गटागटानं खाचा आहेत, काहीतरी मोजल्यासारख्या. लशीचा विषय निघाला. मी म्हटलं, आमच्याकडे देवी यायच्या आधीच टोचून घ्यायचे. ते म्हणाले, आफ्रिकेतही टोचायचे, अमेरिकेला ते गुलामांकडून कळलं.

प्रत्येक गोष्टीत आपलं काहीतरी काढायचंच. कमाल आहे एकेकाच्या अस्मितेची!

त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. प्रक्षेपणात आजोबांचं नाव घ्या, काहिगी. मी म्हटलं, अहो, अर्थातच.

२९ ऑगस्ट, शनिवार

झालं! लोखंड निघालं!

सकाळी सातला भट्टी पेटवली. नोव्हातुस, जयेश आणि मृदुला यांनी आळीपाळीनं भाते मारले. मी कॅमेऱ्यासमोर. अकराला थर्मोकपल बाराशेच्या पुढे गेलं. दुपारी खालून दगडाची वितळलेली मळी वाहायला लागली, मधासारखी, लालभडक. तीनला भट्टी फोडली आणि चिमट्यात धरून गोळा बाहेर काढला. घण मारला तर तो आवाज! जन्मभर घराच्या भिंतीपलीकडून ऐकला होता, आज माझ्या हातातून निघाला. मी कॅमेऱ्यासमोर रडले. लोक म्हणाले, तो भाग सर्वांत छान.

सहाशे लोक थेट बघत होते.

नाव सांगायचं तेवढं राहिलं. ओघ असा होता की मध्येच टांझानिया आणणं अवघड झालं. शिवाय दिलीपरावांचा मेसेज आला होता, 'दोन मिनिटांत आटपा, आरती आहे.' नोव्हातुस यांची ओळख मात्र करून दिली: "हे आमचे शेजारी, भाता मारायला मदत करताहेत."

सगळं आवरल्यावर ते हात पुसत आले. त्यांना मराठी येत नाही. चेहरा काजळीनं माखलेला, खूश होते. विचारलं, "त्यातला कुठला शब्द माझे आजोबा होते?"

मी म्हणाले, "वेगात आला, तुमच्या लक्षात आलं नसेल."

"हो," ते म्हणाले, "भात्याचा आवाज होता."

३० ऑगस्ट, रविवार

रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं. 'आपली पद्धत', 'आपले पूर्वज'. आपला, आपली, आपले मिळून सोळा वेळा. पण 'आपले पूर्वज' म्हणजे मानवजातीचे, असंही म्हणता येतं. सगळा माणूस आफ्रिकेतूनच आला, हे तर विज्ञानच सांगतं. पुरावा नसलेलं मी काही बोललेले नाही.

अण्णांचा फोन आला. "पोरी, भट्टी चांगली लावलीस." चांगली! 'बरी' नाही. "कुठल्या पुस्तकात मिळालं हे?"

"बरंच वाचन केलं, अण्णा," मी म्हटलं.

१२ सप्टेंबर, शनिवार

अण्णांना कोरोना झालाय. ऑक्सिजनवर आहेत. सुदर्शन पीपीई घातलेल्या वॉर्डबॉयच्या हातात फोन देतो, त्यावर दोन मिनिटं अण्णा दिसतात. वॉर्डातल्या सगळ्यांना त्यांनी माझा व्हिडिओ दाखवलाय. डॉक्टरांनाही. मास्क बाजूला करून म्हणाले, "पोरीनं काढलेलं लोखंड."

भारतात जायचं म्हटलं तर विमानं नाहीत, परवानग्या नाहीत. मी इथं बसून व्हिडिओचा आकडा बघत असते. एकोणीस हजार.

अशा वेळी दुरुस्ती करून त्यांना धक्का देणं अमानुष होईल. बरे झाले की करते.

३ ऑक्टोबर, शनिवार

अण्णा घरी आले. वजन अकरा किलोंनी उतरलंय.

आता लगेच नको. अशक्तपणा आहे.

२४ ऑक्टोबर, शनिवार

मृदुलानं घात केला. तोही प्रेमानं. तिनं माझ्या सगळ्या कार्यक्रमांना, पहिल्या व्याख्यानापासून, इंग्रजी उपशीर्षकं बसवली आणि नोव्हातुस यांना पाठवून दिली. "अगं, ते डॉक्टर मुतालेम्वा आहेत! कॉफीच्या जमिनींवरचे त्यांचे निबंध आम्ही अजून वापरतो. वाखनिंगनलाच पीएच.डी. केलीय त्यांनी, ऐंशी साली. तुला माहीत नव्हतं?"

मी त्यांना सोप्या डचमध्ये भट्टी समजावली होती.

आज त्यांचा ईमेल आला. शोधनिबंध तपासून परत करतात, त्या पद्धतीचा. सादरीकरण स्पष्ट आहे. तापमानाची नोंद दर दहा मिनिटांनी हवी होती. बाविसाव्या मिनिटाला कार्बनचं प्रमाण सांगताना दशांशचिन्ह चुकलं आहे. मग एक ओळ: 'महत्त्वाची त्रुटी: पद्धतीचा स्रोत नमूद नाही. पहिल्या व्याख्यानाच्या शेवटी लेखिकेनंच या प्रकाराला जो शब्द वापरला आहे, तो योग्य आहे.' आणि खाली, 'आपला, भाता मारणारा शेजारी.'

जयेशला दाखवला. आज पहिल्यांदाच त्यानं हेडफोन पूर्ण काढून ठेवले. दोनदा वाचला आणि म्हणाला, "बरोबर लिहिलंय."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मीपण भाता मारत होतो गं. मला वाटलं होतं, तू सांगशील."

२५ ऑक्टोबर, रविवार

बागेत गेले. ते केळीला गोणपाट बांधत होते. मी माफी मागायला सुरुवात केली. अण्णांचा आजार, आरती, ओघ, सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं.

"तुम्ही त्या दिवशी म्हणालात, माझ्या लक्षात आलं नसेल. घरी जाऊन मी ते रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. भाषा कळत नव्हती, तरी ऐकलं. मला वाटलं, मराठीत काहिगीचा उच्चार वेगळा होत असेल."

मी गोणपाटाचं दुसरं टोक धरलं.

गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "तुमच्या वडिलांची तब्येत आता कशी आहे?"

१५ नोव्हेंबर, रविवार

दिलीपरावांना म्हटलं, मला दुरुस्तीचा कार्यक्रम करायचाय. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मालेचा विषय प्राचीन भारत आहे. आफ्रिका त्यात बसत नाही. आणि खरं सांगू, लोकांना इतका आनंद झालाय. या दिवसांत तुम्ही तो काढून घेणार?"

मी म्हटलं, तुम्हाला विमान हवं होतं, मी नाही म्हणाले होते.

"विमान निदान आपलं तरी होतं," ते म्हणाले.

तेव्हा स्वतःच्या नावानं, स्वयंपाकघरात बसून, सात मिनिटांचा व्हिडिओ केला. काय केलं, कुणाचं होतं, कुणाचं नाव गाळलं, सगळं सांगितलं. काहिगींचं नाव तीनदा घेतलं. लोखंडाच्या व्हिडिओला आता सव्वीस हजार झालेत. याला एकसष्ट. त्यातले काही माझेच. खाली तीन प्रतिक्रिया आल्या. एकानं देशद्रोही म्हटलंय, एकानं विचारलंय की मागचा कुकर कुठल्या कंपनीचा. तिसरी मृदुलाची, टाळ्या.

अण्णांना लिंक पाठवली नाही. धीर झाला नाही.

नोव्हातुस यांना पाठवली, उपशीर्षकांसह. उत्तर आलं: 'स्वीकृत. दशांशचिन्ह अजून चुकलेलंच आहे.'

१३ मार्च २०२१, शनिवार

संध्याकाळची संचारबंदी आहे, आणि बाहेर दोघांपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही. डॉक्टर मुतालेम्वांनीच सुचवलं, मग दोघांनीच लावू. लहान भट्टी, दोनच नळ्या. या वेळी सांगणार ते, त्यांच्या भाषेत, गावाकडच्या, बुकोबाच्या नातेवाइकांसाठी. भाता माझ्याकडे.

सकाळी सहापासून मी भाता मारला. भाता मारणं म्हणजे काय, हे मला काल कुणी विचारलं असतं तर मी व्याख्यान दिलं असतं. आज दंड वर होत नाहीत. लिहितानाही पेन घसरतंय. ते कॅमेऱ्यासमोर पाच तास बोलत होते. त्यांचा आवाज चढला, उतरला, एकदा गाण्यासारखा झाला. फोनच्या पलीकडून बायाबापड्यांच्या हसण्याचे आवाज येत होते. मला एक अक्षर कळलं नाही.

गोळा छोटा निघाला, नारळाएवढा. त्यांनी घण माझ्या हातात दिला आणि स्वतः चिमटा धरला.

नंतर मी अण्णांना दोन्ही लिंका पाठवल्या, आजची आणि नोव्हेंबरची. पाठवल्याची खूण उमटली. मग फोन उपडा करून ठेवला.

१४ मार्च, रविवार

अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. मी बागेतच होते, डॉक्टर शेजारी नळ्यांचे तुकडे गोळा करत होते. अण्णा वाळलेत, पण शर्ट इस्त्रीचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"ते गृहस्थ हायत का तिथं? त्यांना विचार, मातीत भुसा किती घातला?"

मी विचारलं. त्यांनी सांगितलं. अण्णा म्हणाले, कमी पडतोय, म्हणून तडकतंय. मी सांगितलं. डॉक्टर फोनजवळ सरकले. अण्णांनी चष्मा चढवला. दोन म्हातारे आणि मध्ये मी. नळीची जाडी, उतार, बोरू ओले की सुके. माझ्याशी कुणी बोलतच नव्हतं.

मग अण्णा एकदम थांबले आणि डॉक्टरांकडं बघून बोलायला लागले.

"मला तेव्हाच कळलं होतं. आपल्याकडं नळी अशी आतपर्यंत नसती. चाळीस वर्षं भट्टीवर काढली, मला कळत नसंल? पण पोरगी पहिल्यांदाच भट्टीपाशी उभी दिसली. मीच तिला लांब ठेवली होती. म्हटलं, आता कुठल्या तोंडानं विचारू, खरं बोलतीस का म्हणून? बोललो नाही. माझंबी चुकलंच. तुमच्या आजोबांचं नाव तेव्हाच विचारायला पाहिजे होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं.

मी इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणताहेत, भारतात नळी तोंडाशीच ठेवतात."

डॉक्टर वाट बघत राहिले. मग म्हणाले, "ते यापेक्षा बरंच जास्त बोलले."

तेव्हा राहिलेलं सांगितलं. एकेक वाक्य. 'मीच तिला लांब ठेवली होती' याला वेळ लागला, कारण ते इंग्रजीत नीट येईना. सगळं सांगून होईपर्यंत दोघंही थांबले. अण्णा तिकडं खिडकीबाहेर बघत होते, डॉक्टर इकडं हातातल्या नळीच्या तुकड्याकडं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "त्यांना विचारा, भुशाऐवजी शेण घातलं तर?"

विचारलं. अण्णांचा चेहरा उजळला. "शेण! शेण तर सगळ्यांत उत्तम. पण कुठल्या जनावराचं, ते विचार."

पुढचा पाऊण तास मी शेणाचं भाषांतर करत होते. काही गाळलं नाही.